घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. फोंड्याला माझ्या दवाखान्यात एक बसचालक यायचे. बीपीच्या तीन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, तरी वरचा आकडा 160 च्या खाली यायला तयार नाही. खारं बंद, लोणचं बंद. हे गोळ्या चुकवतात असंच मी धरून चाललो होतो. मग एकदा त्यांची बायको सोबत आली. म्हणाली, "डॉक्टर, घोरतात त्याचं काही नाही हो. पण मध्येच सगळं गप्प होतं ना, तेव्हा मी उठून नाकापुढे हात धरून बघते."

इतके महिने मी भलत्याच माणसाला प्रश्न विचारत होतो!

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींची श्वासाची वाट पार मिटते. छाती-पोट हलतं, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू खडबडून जागा करतो, बीपी उसळतं. माणूस घुसमटून श्वास घेतो नि परत झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही, फक्त डोकं जड. तासाला असं 30 वेळा झालं तर आजार तीव्र समजतात. याला म्हणतात स्लीप अ‍ॅप्निया.

एरवी रात्री बीपी दहा ते वीस टक्के उतरतं. हृदयाला तेवढाच विसावा. यांना तोही नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, वरचे कप्पे ताणले जाऊन ठोके बिघडतात, तिथे गुठळी होऊन पक्षाघातापर्यंत मजल जाते.

रात्रीचा उर्राक किंवा फेणी घसा आणखी सैल करते. "डॉक्टर, झोप छान लागते," असं मला सांगू नका.

रात्रभर यंत्र लावून तपासणी होते. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा सीपॅप मास्क मिळतो. त्याने बीपी सरासरी दोन-तीन अंकच उतरतं, म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. पण ज्यांचं बीपी तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, त्यांना फायदा अधिक. वजनही उतरवायला हवं.

आमच्या चालकांनी मास्क घेतला. पहिल्या रात्री त्यांची बायकोच जागी. सगळं शांत झालं म्हणून सवयीने तिने हात पुढे केला, तो प्लास्टिकला लागला.