रिपोर्ट नॉर्मल, तरी पाळणा का हलत नाही?

मंडळी, आजचा विषय आहे डिफेन्सिन. जंतू मारणारं हे इवलंसं प्रथिन शुक्राणूच्या अंगावर काय करतं, ते सांगायचं आहे. पण आधी वीर्यतपासणीच्या त्या एका पानाबद्दल बोलू द्या.

नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरातली सगळी बोटं सुनेकडे वळतात. मग तिची सोनोग्राफी, हार्मोन्स, ट्यूबसाठी एचएसजी, दुर्बीण, आणि मधे नवस. नवऱ्याची फाइल मात्र त्या पानाबरोबर बंद. हा तिच्यावर अन्याय आहे, आणि शास्त्रालाही धरून नाही. त्या पानावर असतं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे किमान १.४ मिलिलिटर वीर्य, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के, आकारानं धड ४ टक्के. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने मोजले आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांच्या वर रेघ मारली, तेच हे आकडे. रेघेखालचेही बाप होतात, आणि रेघेवरचेही अडतात.

शिवाय नमुना नीट दिलेला असतो का? आधीच्या वीर्यस्खलनापासून २ ते ७ दिवसांचं अंतर हवं. पहिला थेंब सांडला तर सांगायला हवं, कारण बहुतेक शुक्राणू पहिल्या भागातच असतात. साधा कंडोम, तेल, साबण चालत नाही. डबी अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत लॅबला पोचली पाहिजे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून महिन्यापूर्वीचा जोराचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. एका रिपोर्टवर निकाल देऊ नका, दुसरा करा.

आता समजा हे सगळं चोख केलं. तरी शुक्राणूच्या अंगावरचं आवरण सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीच! वृषणातून निघालेल्या शुक्राणूला पोहता येत नाही. सुमारे सहा मीटर लांबीच्या, गुंडाळी झालेल्या एपिडिडायमिस नावाच्या नळीतून जाताना तो तयार होतो, आणि तिथेच त्याच्यावर डिफेन्सिनचा थर चढतो. त्यातलं महत्त्वाचं डीईएफबी-१२६. या प्रथिनाच्या शेपटाला साखरेच्या साखळ्या असतात, साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल, आणि त्यामुळे शुक्राणूवर भरपूर ऋण भार. गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून न अडकता जायला हा भार लागतो. माकाक माकडांच्या शुक्राणूंवरचं सियालिक आम्ल काढलं की ते स्रावात शिरेनासे होतात. पुढे हाच थर शुक्राणूला गर्भनलिकेच्या अस्तराला धरून ठेवतो. स्त्रीबीजापाशी पोचण्याआधी मात्र तो गळायला हवा, नाहीतर बीजाच्या कवचाला चिकटता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं, की डीईएफबी-१२६ च्या जनुकात दोन अक्षरं गळालेली प्रत फार सर्रास सापडते: युरोपीय नमुन्यांत ४७ टक्के, चिनी नमुन्यांत ४५. दोन्ही प्रती तशा असलेले, हिशेबानं पाचात एक पुरुष. (शेजारी बघू नका, चेहऱ्यावर दिसत नाही.) त्यांची संख्या, वेग, आकार सगळं ठीक. पण गर्भाशयमुखाच्या स्रावाऐवजी वापरलेल्या हायलुरॉनिक आम्लाच्या जेलमध्ये शिरण्याचा वेग ८४ टक्क्यांनी कमी! नवविवाहित चिनी जोडप्यांत अशा पुरुषांच्या बायकांना दिवस राहण्याची शक्यता कमी दिसली, मूल व्हायला वेळही जास्त लागला. वेळ लागला, म्हणजे होत नाही असं नव्हे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून जंतूंचा भाग भरभर सांगते. २००१ मध्ये उंदरांच्या एपिडिडायमिसमध्ये बिन-१बी हे डिफेन्सिन सापडलं. ते जंतू मारतं, शिवाय शुक्राणूत कॅल्शियम शिरवून त्याला हालचाल देतं. हे कॅल्शियम प्रमाणात हवं. २०१३ मध्ये एडिंबरात उंदरांतली नऊ डिफेन्सिन जनुकं एकदम काढली, तर कॅल्शियम वाढलं, शुक्राणूच्या डोक्यावरची, बीजात शिरायला लागणारी टोपी वेळेआधीच सुटली आणि नर वांझ झाले.

माणसात डीईएफबी-१ हे डिफेन्सिन शुक्राणूवरच्या सीसीआर-६ या रिसेप्टरला धरून काम करतं. २०१४ च्या अभ्यासात मंद शुक्राणू असलेल्या आणि वीर्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या पुरुषांत ते कमी आढळलं. प्रयोगशाळेत बाहेरून दिल्यावर हालचालही सुधारली आणि जंतू मारण्याची ताकदही. हे अजून औषध म्हणून मिळत नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. पण रिपोर्टात पांढऱ्या पेशी दर मिलिलिटरला १० लाखांवर असतील तर संसर्गाची तपासणी मागा.

१२६ ची तपासणीही नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. तरी उपाय आहे: आययूआयमध्ये शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात, स्रावाचा अडथळा टळतो. नलिकेतलं काम मात्र शुक्राणूलाच करावं लागतं. ते जमलं नाही तर आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणणं), इक्सी (एक शुक्राणू थेट बीजात टोचणं). तपासणीआधी किती थांबायचं ते बायकोच्या वयावर ठरवा: पस्तिशीच्या आत एक वर्ष, पस्तिशीनंतर सहा महिने, आणि तपासणी दोघांची एकाच दिवशी सुरू करा.