चढणीचे मासे आणि कॅस्केडिया

नमस्कार मंडळी. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे सगळे व्हाळाकडे धावतात. चढणीचे मासे! लाल पाण्याच्या लोंढ्याविरुद्ध उड्या मारत ते वर चढतात, अंडी घालायला. आज सात समुद्रापलीकडच्या एका चळवळीबद्दल बोलायचंय, आणि तीही माशांपासूनच कळते.

अमेरिकेचा वायव्य किनारा डोळ्यांसमोर आणा. समुद्र, किनारपट्टी, आणि मागे कॅस्केड पर्वत. समुद्रावरून आलेले ढग पर्वतावर अडतात. अलीकडे गर्द जंगल, पलीकडे कोरडं रान. आंबोलीचा पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं?

या मुलखावर १८४६ च्या करारानं ४९ अक्षांशाची सरळ रेघ पुढे ओढली गेली. वर आज कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया, खाली अमेरिकेची वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यं. चळवळ म्हणते, हा एकच प्रदेश आहे, कॅस्केडिया. डेव्हिड मॅक्लॉस्की या समाजशास्त्राच्या प्राध्यापकानं त्याचा नकाशा काढला तो नद्यांच्या पाणलोटावरून. निळ्या-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचा झेंडाही आहे, मधोमध डग्लस फर हे झाड. काहींना खरंच वेगळा देश हवाय. पण बरेच जण म्हणतात, देश राहू दे, निर्णय तरी नदी बघून घ्या.

असं का म्हणतात, ते कोलंबिया नदीवर दिसतं. ती उगम पावते कॅनडात, समुद्राला मिळते अमेरिकेत. सामन मासे समुद्रातून उलट चढत आपल्या जन्माच्या ओढ्यात येतात, अंडी घालतात आणि मरतात. अस्वलं ते जंगलात ओढून नेतात आणि समुद्रातलं नत्र झाडांच्या मुळांना मिळतं. म्हणजे तिथलं जंगलसुद्धा माशांवर पोसलेलं!

मग अमेरिकेनं ग्रँड कूली धरण बांधलं. १९४२ मध्ये पुरं झालं. माशांना चढायला वाटच ठेवली नाही. केटल फॉल्स या धबधब्यावर मूळ जमाती पिढ्यानपिढ्या सामन धरायच्या. तो धबधबा पाण्याखाली गेला. १९४० मध्ये त्या जमाती तिथं जमून रडल्या. आणि सीमेपलीकडे, कॅनडातल्या वरच्या कोलंबियातही सामन येणं थांबलं. धरण एका देशाचं, मासा गेला दोघांचा.

मला स्वतःला वेगळा देश हे उत्तर पटत नाही. नव्या रेघेलाही पहारेकरी लागतातच. पण प्रश्न मात्र अगदी खरा आहे, आपल्याकडेही. तेरेखोल नदी महाराष्ट्र-गोव्याची हद्द म्हणून सांगतात, पण तेरेखोलचा किल्ला आमच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूच्या काठाला असून गोव्यात. तिलारीचं धरण दोन्ही राज्यांचं. आणि पाणलोटाची हद्द तरी कुठे शाबूत राहिलीय? कोयनेचं पाणी मुळात कृष्णेचं, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. आपण ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीला उतरवलं, वीज केली, आणि ते चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जातं. चिपळूणच्या माणसानं आपली नदी कुठून सुरू झाली म्हणून सांगायचं?

तुमच्या व्हाळाचं पाणी कुठून येतं आणि कुठल्या खाडीला मिळतं, ते कमेंटमध्ये लिहा. आणि यंदा चढणीचे मासे आले का, तेही.