प्रवास आणि वस्ती

नमस्कार मंडळी,

भारतातून परत आले की आधी आईला फोन. तिचा प्रश्न ठरलेला : "प्रवास नीट झाला ना?" यंदा त्याच आठवड्यात माझ्या मल्याळी सहकाऱ्याने बोलताबोलता स्वतःला 'प्रवासी' म्हटलं. गेली दहा वर्षं तो एकाच घरात राहतोय! त्याच्या भाषेत प्रवासी म्हणजे परमुलखात राहणारा. आपल्या भाषेत, तिकीट काढून गाडीत बसलेला.

मूळ अर्थ त्याच्याकडे शाबूत आहे. 'वस्' म्हणजे राहणं. त्याला 'प्र' लागला की घरापासून दूर राहणं. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी एक प्रोषितभर्तृका, म्हणजे जिचा नवरा परदेशी आहे ती. 'प्रोषित' हे याच धातूचं रूप. तो तिकडे राहिलाय आणि ही इकडे दिवस मोजतेय. माझ्या मते या शब्दाचं सगळं दुखणं तिच्यापाशी आहे. बंगालीतही हाच अर्थ. रामानंद चट्टोपाध्यायांनी १९०१ साली बंगालबाहेर, अलाहाबादेत बंगाली मासिक काढलं, त्याचं नाव 'प्रवासी'. ९ जानेवारीचा प्रवासी भारतीय दिवसही आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांचाच. गांधीजी १९१५ मध्ये त्याच तारखेला दक्षिण आफ्रिकेतून परतले होते.

मराठीत मात्र हा शब्द रस्त्याला लागला. आमच्या फाट्यावरच्या शेडवर निळ्या रंगात लिहिलेलं असायचं, 'प्रवासी निवारा'. आत सिमेंटचा बाक, आणि त्यावर हमखास कुणाचं तरी बाजाराचं बोचकं.

पण राहणं आपण पुरतं विसरलो नाही. रात्री शेवटची एसटी गावात यायची ती परत जायची नाही. वडाखाली उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकायचे, कुणीतरी त्यांना पिठलं-भाकरी नेऊन द्यायचं आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन निघायची. तिला आम्ही 'वस्तीची गाडी' म्हणायचो. ही वस्तीही त्याच 'वस्'मधली. सासुरवास, वनवास, माहेरवाशीण, सगळी एकाच घरातली माणसं.

तुमच्या आजीच्या, आत्याच्या तोंडी या घरातला आणखी एखादा शब्द असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा. वही आणली आहे.