स्वस्त शेअर आणि सेक्रेटरींचा मेहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात पाचपाखाडीला, महापालिकेच्या मुख्यालयाजवळ कचराळी तलाव आहे. सकाळी तिथे फेऱ्या मारणाऱ्यांत दोन पंथ दिसतात. एक गुडघ्यांविषयी बोलणारा, दुसरा शेअरविषयी. गुडघे माझेही दुखतात, पण मी बसतो दुसऱ्या पंथात. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. वागळे इस्टेटमध्ये लेथ-मिलिंगवर आयुष्य काढलेले एक फोरमन साहेब आहेत. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. आणि ऐरोलीला आयटीत जाणारा एक मुलगा, जो चालतो कमी आणि मोबाईल जास्त बघतो.

या मंडळींचं भांडण गेले तीन महिने एकाच कंपनीवरून चाललंय. नाव सांगत नाही. रेडिओवर नाव घेतलं की त्याची टिप होते, आणि टिपा देणं हे माझं काम नाही. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी जुनी, छोटी कंपनी आहे एवढं समजा. आकडेही हिशेबापुरते सोपे करतो. कंपनीचे शेअर 1 कोटी. जमीन, कारखाना, बँकेतल्या ठेवी धरून आणि देणी वजा जाता एका शेअरमागे 200 रुपयांची मालमत्ता. बाजारात भाव 100.

काकांचं म्हणणं सरळ होतं. “अहो, रुपयाची वस्तू आठ आण्यात मिळतेय, आणि तुम्ही विचार कसला करताय?”

फोरमन साहेबांनी तो कारखाना आतून पाहिलेला. ते म्हणाले, “काका, रुपया खरा आहे. पण तो मोडायचा अधिकार तुम्हाला आहे का? जमीन विकायची की नाही ते मालक ठरवणार. आणि तो नाही विकत. त्याचे वडील तिथे बसायचे.”

दोघंही बरोबर होते, म्हणून तर भांडण तीन महिने टिकलं. आपल्या बाजारात याचं टोकाचं उदाहरण घडून गेलंय. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाची कंपनी आहे. तिच्याकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत, भरपूर. तरी तिचा स्वतःचा भाव होता 3 रुपये 53 पैसे. असला शेअर त्या भावात विकायला कोणी तयार नसे, म्हणून सौदेच होत नसत. मग अशा कंपन्यांचा भाव कळावा म्हणून खास लिलाव ठेवला गेला, आणि 29 ऑक्टोबर 2024 या एका दिवसात तो भाव 2 लाख 36 हजार 250 रुपयांवर गेला. कंपनीत त्या दिवशी काहीही नवं घडलं नव्हतं. काका ही बातमी मोबाईलमध्ये जपून ठेवतात आणि नव्या माणसाला आधी तीच दाखवतात. फोरमन साहेब विचारतात, “आणि तोवर त्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली, ते लिहिलंय का त्यात?”

मग कंपनीची नोटीस आली. नवी यंत्रं घ्यायची आहेत, 50 कोटी उभे करायचे आहेत. त्यासाठी 50 लाख नवे शेअर 100 रुपयांनी काढायचे, आणि ते द्यायचे बाहेरच्या दोन गुंतवणूकदारांना. तुम्हा-आम्हाला नाही. याला प्रेफरेन्शियल अलॉटमेंट म्हणतात. बाजाराने या बातमीचं स्वागत केलं, भाव 5 रुपये वाढला. काका खूश झाले. बाई मात्र म्हणाल्या, “मला हे आमच्या सोसायटीसारखं वाटतंय.”

श्रोतेहो, मी शेअर बाजारावरची पुस्तकं बरीच चाळली आहेत, पण बाईंनी जे दोन फेऱ्यांत सांगितलं ते इतकं स्वच्छ कुठे वाचलेलं नाही. त्यांची नौपाड्यात जुनी तीन मजली इमारत. सोळा बिऱ्हाडं. गच्ची गळते, दुरुस्तीला पैसे नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, गच्चीवर चार खोल्या काढू, चार नवे सभासद करू, त्यांच्या पैशातून दुरुस्ती करू. भाव काय? तर रेडी रेकनरचा. सरकारी दर आहे, कोणी बोट दाखवू शकणार नाही. आता नौपाड्यात रेडी रेकनरचा दर काय आणि बाजारातला दर काय, हे ठाणेकराला सांगायला नको. उद्या इमारत पुनर्विकासाला गेली की बिल्डर जे देईल त्याचे सोळाऐवजी वीस वाटे होणार. नवे चार कमी पैशात येऊन पंगतीला बसणार. आणि बाईंनी शेवटी, अगदी सहज, सांगितलं की त्या चारांतला एक सेक्रेटरींचा मेहुणा होता.

हाच हिशेब कंपनीला लावा. 200 कोटींची मालमत्ता, त्यात नवे 50 कोटी आले, झाले 250 कोटी. शेअर झाले दीड कोटी. भागा. एका शेअरमागे 166 रुपये आणि काही पैसे. म्हणजे बाहेरचा माणूस 100 रुपये देऊन 166 ची वस्तू घेऊन गेला, आणि जुन्या भागधारकाच्या 200 चे 166 झाले. भाव 5 रुपयांनी वाढला म्हणून काका पेढे वाटायच्या बेतात होते, तेव्हा हा हिशेब मी त्यांना वर्तमानपत्राच्या कडेला करून दाखवला.

काका सहज हार मानणारे नाहीत. म्हणाले, “सेबीचं सूत्र आहे ना? मनाला येईल तो भाव लावता येत नाही.” खरं आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था. तिचं सूत्र असं: मागच्या 90 दिवसांच्या आणि मागच्या 10 दिवसांच्या सौद्यांची सरासरी काढायची, दोन्हींत जी जास्त त्याखाली भाव लावता येत नाही. पण हे सूत्र बाजारभावाखाली जाऊ देत नाही एवढंच. बाजारच जर अर्धी किंमत देत असेल, तर सूत्रही अर्धीच देणार. रेडी रेकनरच म्हणा की!

नोटिशीत आणखी एक कलम होतं, वॉरंटचं. प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींना, वॉरंट द्यायचे; वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावात पुढे शेअर घेण्याचा हक्क. आज 25 टक्के रक्कम भरायची, उरलेली 18 महिन्यांत. भाव चढला तर शेअर घ्यायचे, पडला तर भरलेले 25 टक्के सोडून द्यायचे. आपल्यालाही अशी सोय कोणी देईल का, असं बाईंनी विचारलं. मुलगा हसला.

हसून झाल्यावर तो जे बोलला तेही सांगायला हवं. “पण यंत्रं आली नाहीत तर त्या 200 चे दहा वर्षांनी 120 होतील. चालत्या कंपनीतले 166 घ्यायला काय हरकत आहे?” फोरमन साहेबांनी मान डोलावली. जुन्या यंत्रांवर आता माप धरत नाही, संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र हवंच, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. पैसे हवेत यावर कोणाचंच दुमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. शेअर स्वस्त आहे असं मालकालाच वाटत असेल, तर तो स्वस्तातला शेअर परक्याला का विकतोय? आधी घरच्यांना का विचारत नाही?

घरच्यांना विचारणं म्हणजे राइट्स इश्यू. दोन शेअरमागे एक नवा, 100 रुपयांनी, सगळ्या जुन्या भागधारकांना सारखा. 100 शेअरवाल्याने 5,000 भरले की त्याच्याकडे 150 शेअर होतात. 166.67 ने गुणलं तर 25,000. आधीचे 20,000 अधिक भरलेले 5,000. कोणाचं काही गेलं नाही. भाव 100 ऐवजी 50 लावला आणि एकास एक दिले, तरी भरणाऱ्याचं काही जात नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात, एवढंच.

काकांच्या पिढीला राइट्स म्हणजे प्रसाद वाटतो, त्यालाही कारण आहे. 1992 पर्यंत नवे शेअर किती भावाने काढायचे हे दिल्लीत बसलेले कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवायचे, आणि तो भाव बहुधा बाजारापेक्षा बराच कमी असायचा. पण प्रसाद हातात घ्यावा लागतो. मी स्वतः नव्वदच्या दशकात एका कंपनीचा राइट्सचा फॉर्म गणपतीच्या गडबडीत रद्दीखाली ठेवला. फॉर्मचे ए, बी, सी, डी असे चार भाग असत. ए म्हणजे मला हवेत, बी म्हणजे हक्क दुसऱ्याला दिला, सी त्या दुसऱ्याने भरायचा, डी फॉर्मचे तुकडे करून मागण्यासाठी. चारही भाग कोरे राहिले आणि मुदत संपली. नंतर सौ.ने दोन वर्षं प्रत्येक गणपतीला आठवण करून दिली.

आता फॉर्म येत नाही, हक्क थेट डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, दिसतो आणि बाजारात विकताही येतो. लोकांना वाटतं बोनस, म्हणजे फुकटचा शेअर, आला. बोनस नाही तो! पैसे भरले नाहीत आणि विकलाही नाही, तर तो मावळतो. आणि त्याची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते, हे विसरू नका.

जाता जाता एक. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिच्या कंपनीनेही शेअर विकूनच भांडवल उभं केलं होतं. विलायतेतल्या भागधारकांना 5 टक्क्यांची हमी दिली होती, आणि नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची, असा करार होता. त्या शेतसाऱ्यात आपल्या पणजोबांचेही पैसे असणार. त्यांना मात्र कोणी मत विचारलं नव्हतं.

आपल्याला विचारतात. प्रेफरेन्शियलसाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या तिप्पट मतं बाजूने हवीत. आमच्या कंपनीत प्रवर्तकांकडे 50 टक्के शेअर आहेत. बाकीच्यांकडच्या शेअरपैकी कंपनीच्या एकूण शेअरच्या 17 टक्के जरी विरोधात उभे राहिले आणि उरलेले नेहमीप्रमाणे झोपून राहिले, तरी ठराव पडतो. पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्रीला सभेसाठी गर्दी व्हायची, त्यात खाऊच्या पाकिटाचाही वाटा होता. आता मत मोबाईलवर देता येतं, आणि पाकीट नाही म्हणून की काय, मतही कोणी देत नाही.

ई-मतदान शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता बंद होतंय. फोरमन साहेब बाजूने मत देणार आहेत, यंत्रांसाठी. बाई विरोधात. मीही विरोधात. काका अजून ठरवत नाहीत. काल तलावावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “ओटीपी कोणत्या नंबरवर येतो हो? डिमॅटला मुलाचा नंबर दिलाय, आणि तो पुण्याला असतो.”

नमस्कार.