पाण्याची वाट: रिंजानीच्या पोटातल्या तळ्याकडे

(दृश्य: पहाट. सेम्बालुनचं गवताळ रान, मागे डोंगर.)

हा समोर दिसतोय तो रिंजानी. इंडोनेशियाच्या लोम्बोक बेटावरचा ज्वालामुखी. उंची 3,726 मीटर. अख्ख्या इंडोनेशियात याहून उंच ज्वालामुखी एकच, सुमात्रातला केरिंची. इथून पाहिलं की वाटतं, सरळ वर गेलेला एक डोंगर आहे. पण त्याच्या पाठीमागे डोंगराचं पोट खचलंय. तिथे साडेआठ किलोमीटर लांब आणि सहा किलोमीटर रुंद अशी कढई आहे, आणि कढईच्या तळाशी पाणी आहे. सेगारा आनाक. समुद्राचं लेकरू.

आपण आलोय ते या पाण्यासाठी. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण वाट कोणती धरायची ते त्यावरच ठरतं.

(दृश्य: चहाची टपरी. नकाशावर फिरणारं बोट.)

हे आमचे वाटाडे. याच गावचे. आम्ही त्यांना ‘पाक’ म्हणतो; वडीलधाऱ्या माणसाला इथे तशीच हाक मारतात. सेम्बालुनचं खोरं लसणासाठी ओळखलं जातं, आणि पाकच्या नखांतली काळी माती त्याच शेतातली आहे. आम्ही वाट विचारली, तर त्यांनी उलट आम्हालाच विचारलं.

“पुंचाक, आताउ दानाउ?”

शिखर, की तळं?

या प्रश्नावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. आपल्याकडे डोंगरात जायचं म्हणजे माथा गाठायचा, अशीच सवय असते. माथ्यावर झेंडा, फोटो, आणि उतरायला सुरुवात. पण एका माणसाच्या पायात किती दिवस आहेत, हे मोजूनच वाट निवडावी लागते. आमच्याकडे तीन दिवस होते आणि कॅमेऱ्याचं ओझं होतं.

नकाशा नीट बघा. पूर्वेला सेम्बालुन, साधारण 1,150 मीटरवर. इथून चढणारी वाट उघड्या गवताळ माळावरून कढईच्या काठावर जाते, 2,639 मीटरवर. शिखराकडे जाणारे बहुतेक इथूनच चढतात. उत्तरेला सेनारू, फक्त 600 मीटरवर. तिथला काठ 2,641 मीटर. म्हणजे एकाच चढात दोन हजार मीटर उंची कमवायची. पण वाट जवळजवळ सगळी दाट जंगलातून, सावलीची. ऊन सोसत नाही त्यांनी सेनारू धरावं. आणि तिसरी ही, बारीक रेघेची. तोरेआन. ही काठावर चढतच नाही. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या नदीच्या घळीतून ती थेट पाण्यापाशी पोचते. दक्षिणेकडून आणखी तीन वाटा आहेत, तिंबानुह, आईक बेरिक आणि तेतेबातू. त्या या प्रवासात नाहीत.

ठरलं असं. सेम्बालुनहून चढायचं, काठावर रात्र काढायची, तळ्यावर उतरायचं, आणि तोरेआनच्या घळीतून नदीबरोबर खाली यायचं. शिखर सोडायचं.

पाक हसले. त्यांनी नकाशाची घडी घातली.

(दृश्य: माळरान. हमालांची रांग.)

पहिले तीन तास वाट अशीच आहे. कमरेएवढं गवत, मधूनमधून चरणाऱ्या गाई, कोरडे ओढे आणि त्यांवरचे छोटे पूल. चढ अंगावर येत नाही. ऊन मात्र येतं.

आता या माणसांकडे बघा. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना टोपल्या. एका टोपलीत तंबू आणि चटया, दुसरीत तांदूळ, कोंबडी, अननस, पाण्याचे कॅन, आणि टॉवेलात गुंडाळलेला अंड्यांचा ट्रे. पायात रबरी चप्पल. कावड शब्द ऐकला की आपल्याला शिखर शिंगणापूरची चैत्रातली चढण आठवते. इथे ती रोजच्या कामाची आहे.

(दृश्य: कावडीचा मध्य, अगदी जवळून.)

बांबूचा हा मधला भाग बघा. पेरं घासून सपाट झालीत, आणि खांद्याला टेकतो तिथे बांबू तुपकट चमकतोय. खांदा बदलायचा असेल तर हा माणूस थांबत नाही. मान किंचित वाकवतो, कावड मानेमागून फिरते आणि दुसऱ्या खांद्यावर बसते. टोपल्या नुसत्या झुलतात. अंड्यांच्या ट्रेकडे लक्ष ठेवून आम्ही हे तीनदा चित्रित केलं. एकही अंडं फुटलं नाही.

तिसऱ्या टप्प्यानंतर सात टेकड्या सुरू होतात. स्थानिक नाव आहे ‘पश्चात्तापाच्या सात टेकड्या’. एक संपली की वाटतं काठ आला, तर पुढे दुसरी उभी. मुरमाड चढ, सुरूसारखी झाडं आणि धुकं. इथे वाट सांगण्यासारखं काही नाही. डोकं खाली घालायचं आणि पाऊल टाकत राहायचं.

(दृश्य: काठ. ढग. निवेदन थांबेल, फक्त वारा.)

(दृश्य: ढग बाजूला होतात. तळं.)

हे सेगारा आनाक.

पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटरवर. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे हे तळं आपल्या सगळ्यात उंच माथ्याच्याही वर. खोली 200 मीटरहून जास्त. आकार चंद्रकोरीसारखा, कारण उरलेली जागा त्या काळ्या शंकूनं व्यापलीय. तो बारुजारी, या कढईत उगवलेला ज्वालामुखी. 2015च्या शेवटी त्याच्या राखेमुळे शेजारच्या बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. त्याच्या पायथ्याशी पाण्यात घुसलेली काळी जीभ दिसतेय, ती अलीकडच्या उद्रेकांत वाहत आलेल्या लाव्हाची.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पण तो लाव्हा जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरत गेला. तोंड उघडं असलेला डोंगर आपल्याकडे नाही. लोणारचं तळं गोल आहे खरं, पण ते उल्केच्या आघातानं झालेलं. डोंगर स्वतःच आत कोसळून तळं कसं होतं, हे बघायचं तर इथे यावं लागतं.

आणि कोसळला तो हा रिंजानी नव्हे. त्याच्या शेजारी आणखी एक डोंगर होता, समालास. आज या कढईवर जिथे नुसतं आकाश आहे, तिथे तो उभा होता, सुमारे 4,200 मीटर उंच, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 1257 साली तो फुटला. राखेचा खांब 40 किलोमीटरहून वर गेला. डोंगराखालची लाव्हाची कोठी रिकामी झाली, वरच्या छताला आधार उरला नाही, आणि अख्खा माथा आत बसला. गेल्या काही हजार वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी हा एक.

हे जगाला कळलं कसं, ती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. ग्रीनलंडच्या आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोकं पाडून जुन्या थरांचे नमुने काढतात. त्यांत 1258च्या सुमाराला गंधकाचा एक प्रचंड थर सापडत होता. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी. म्हणजे विषुववृत्ताजवळ कुठेतरी काहीतरी भयंकर फुटलं होतं. पण कुठे? तीसेक वर्षं उत्तर मिळत नव्हतं. इकडे लोम्बोकच्या लोकांकडे ताडपत्रांवर लिहिलेली ‘बाबाद लोम्बोक’ ही बखर होती. तिच्यात लिहून ठेवलं होतं की रिंजानी ढासळला, समालास कोसळला, सात दिवस धरणीकंप झाले आणि पामातान हे राजधानीचं नगर गाडलं गेलं. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ फ्रांक लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या राखेचे थर, जळक्या लाकडांचं वय, बर्फातलं गंधक आणि ही ताडपत्रं एकमेकांशेजारी ठेवली. 2013 साली त्यांनी जाहीर केलं, तो डोंगर हाच. ज्या नोंदीला कुणी दंतकथा म्हणून बाजूला ठेवलं असतं, ती साक्ष निघाली.

पामातान अजून सापडलेलं नाही. उद्रेकाच्या पुढच्या वर्षी, 1258 साली, दूर युरोपात पिकं बुडाली, माणसं उपाशी मेली.

(दृश्य: संध्याकाळ. माकडं, तंबू, कढईतून निघणारी वाफ.)

काठावरची माकडं धीट आहेत. तंबूची चेन उघडी राहिली की पाव गेला. पाणी जवळच्या झऱ्यावरून आणावं लागतं, आणि ते आणतात तेच कावडवाले, आपण पाय पसरून बसलेलो असताना.

(दृश्य: मध्यरात्रीनंतर. डोंगराच्या धारेवर दिव्यांची रांग.)

हे शिखराकडे निघालेले. रात्री दोनला उठून अकराशे मीटर चढायचे, त्यातला शेवटचा टप्पा नुसता घसारा. दोन पावलं वर, एक खाली. सूर्योदय तिथून फार सुंदर दिसतो, असं सगळेच सांगतात. 2025च्या जूनमध्ये याच धारेवरून एक तरुण परदेशी पाहुणी दरीत घसरली. मदत वेळेत पोचली नाही.

(दृश्य: सकाळ. कढईत उतरणारी वाट.)

आम्ही उलट्या दिशेला, खाली. काठावरून तळ्यापर्यंत सहाशे मीटरचा उतार, आणि तो उभा आहे. मोठे दगड, जागोजागी लोखंडी कठडे. वर जाताना दम लागतो, इथे गुडघे बोलतात. तोंड डोंगराकडे करून उतरलात तर हाताला धरायला दगड मिळतो.

धुकं विरलं की गवतात हे पांढरे झुबके दिसतात. जावाचं एडेलवाइस. तोडायला बंदी आहे, आणि ती बंदी पाळली जावी.

(दृश्य: तळ्याचा काठ. गळ टाकून बसलेली माणसं.)

परदेशी पाहुणे इथे तासभर थांबतात. लोम्बोकचे लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस मुक्काम करतात. तळ्यात सोडलेले मासे इथे वाढले, आणि गळ टाकून बसणं हीच त्यांची सुट्टी. या आजोबांनी आमच्यापुढे निखाऱ्यावर भाजलेला मासा ठेवला आणि वर मिरचीचा ठेचा. त्याला ते सांबाल म्हणतात. चवीला मात्र तो आपल्या घरचा वाटला.

पश्चिम लोम्बोकमधले बाली वंशाचे हिंदू या तळ्याला देवस्थान मानतात. त्यांच्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पौर्णिमेला ते डोंगर चढून इथे येतात, आणि सोन्याच्या पत्र्याचे लहान मासे, कासवं पाण्यात सोडतात. पाऊस पडावा म्हणून. लोम्बोकच्या मूळच्या ससाक मुसलमानांसाठीही हा डोंगर साधा नाही. वर देवी आंजानीचं राज्य आहे, असं ते सांगतात. पाक स्वतः नमाजी आहेत. पाण्याला हात लावण्याआधी ते क्षणभर थांबले. ते तुम्हाला दिसतंय.

(दृश्य: आईक कालाक, गरम पाण्याचे झरे.)

तळ्यापासून दहा मिनिटांवर गरम झरे. दोन दिवस घासलेले खांदे या पाण्यात बुडताना बघा.

(दृश्य: पांढरट नदी, घळ.)

आणि इथून सुरू होते ती वाट, जिच्यासाठी शिखर सोडलं. ही कोकोक पुतिक. ससाक भाषेत पांढरी नदी. सेगारा आनाकचं पाणी कढईची भिंत फोडून इथून बाहेर पडतं. खनिजांनी पाणी दुधट झालंय, दगडांवर पिवळसर थर बसलेत. दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे कडे आणि त्यांच्या मधोमध आपण.

वाट काही ठिकाणी पाऊलभर रुंद आहे. डावा हात कड्याला, उजवीकडे नदीचा आवाज. शिड्या आहेत, दोर आहेत. पावसात या वाटेला येऊ नये. तसाही पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, सगळा डोंगर बंदच असतो. 2018च्या जुलै-ऑगस्टमधल्या भूकंपांत बेटावर पाचशेहून जास्त माणसं गेली, डोंगरावर शेकडो अडकले, आणि वाटा पुन्हा उघडायला जवळजवळ वर्ष गेलं.

ज्यांना पहिल्यांदाच यायचंय, त्यांना मी हीच वाट सांगेन. काठावरून तळं दिसतं, पण ते चित्रासारखं. नदीबरोबर चालताना ते पाणी पायाशी असतं, कानात असतं. दर वळणावर कळतं की हा डोंगर बंद भांडं नाही, तो अजून वाहतोय. सोबत माहीतगार वाटाड्या घ्या. कावडवाल्यांची मजुरी ठरवताना घासाघीस करू नका. आणि आपला कचरा आपल्याच सॅकमधून खाली आणा.

(दृश्य: पेनिंबुंगान धबधबा. निवेदन थांबेल.)

(दृश्य: तोरेआन. गावातलं अंगण, संध्याकाळ.)

तोरेआन गाव. चपलांना अजून पांढरा गाळ चिकटलाय. पाकनी कुडाला पाठ टेकून मागे बोट दाखवलं. तिथे नुसते ढग होते.

“दानाउ,” ते म्हणाले.

हा कावडीचा बांबू भिंतीला टेकवून ठेवलाय. परवा पहाटे तो सेम्बालुनहून पुन्हा वर जाणार आहे, दुसऱ्या कुणाचा तंबू आणि कुणासाठी प्यायचं पाणी घेऊन.