वांग्याच्या पानातलं घर

(दृश्य : मागील दार, पागोळ्या, अळवाची पानं)

श्रावणातली सकाळ. चिपळूणजवळच्या एका घराचं मागील दार. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, एक कढीलिंब आणि कुंपणाला लागून वांग्यांची एक ओळ. जरा कान द्या.

(नैसर्गिक आवाज : ५ सेकंद)

एवढा आवाज काढणारा हा पक्षी वजनाला जेमतेम सहा ते दहा ग्रॅम. शिंपी. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, शेपूट कायम उभं. ओरडताना मान ताणली की गळ्याच्या बाजूला काळा डाग उमटतो. आत्ता दिसला बघा! गप्प बसला की डाग नाहीसा. लांब शेपटीचा आहे तो नर. विणीच्या दिवसांत त्याच्या शेपटीतली मधली पिसं वाढतात.

मादी कामात आहे. तिने पसंत केलंय ओळीतलं तिसरं झाड आणि त्याचं एक रुंद पान, जमिनीपासून दोन फुटांवर. पानाच्या कडेला ती चोचीने भोक पाडते. अगदी बारीक, कारण पान फाटलं तर सगळा खटाटोप फुकट. त्यातून धागा ओढायचा, दुसऱ्या कडेतून बाहेर काढायचा. गाठ नाही. बाहेर आलेलं टोक फुलतं आणि फुललं की मागे सरकत नाही. आपण शिवण म्हणतो खरं, पण बहुतेक टाके सुटे असतात, रिव्हेट मारल्यासारखे. एका घरट्याला दीडशे-दोनशे टाकेसुद्धा पडतात. पानाची वरची बाजू बाहेरच राहते. म्हणून चार हातांवरून आपल्याला दिसतं ते नुसतं वांग्याचं पान.

(दृश्य : दांडीवरची उशी, शिवणीतून बाहेर आलेला कापूस)

धागा म्हणजे कोळ्याचं जाळं, झाडाचे तंतू आणि हा सावरीचा कापूस. उशी महिनाभर उसवलेली आहे. आजी म्हणाल्या, "तिचं होऊ दे आधी."

जाळ्यांना इथे तोटा नाही, कारण कुंपणाच्या कोपऱ्यात केरसुणी फिरत नाही. वांग्यांवर औषधही मारत नाहीत. चारातलं एखादं वांगं किडकं निघतं, तेवढा भाग कापून टाकतात. बाजारातलं गुळगुळीत वांगं हवं असेल तर हे परस तुमच्यासाठी नाही.

अंडी आम्ही दाखवत नाही. त्यासाठी पान उघडावं लागलं असतं. उबवणीचे साधारण बारा दिवस, आणि मग एके सकाळी कडेवर तीन उघड्या चोची.

(दृश्य : भरवणं, जवळून)

हिरवी अळी. कोळी. पुन्हा अळी. आई आणि बाप, दोघंही. येताना चोचीत खाऊ, जाताना ही पांढरी पुरचुंडी. पिल्लाची विष्ठा अशी पातळ आवरणात बांधून येते. ती उचलून लांब टाकली की घरटं कोरडं राहतं.

भारद्वाज एकदा कुंपणावर येऊन गेला. त्यानंतर चोची दोन.

(दृश्य : पान हलतं. पहिलं पिल्लू बाहेर)

चौदावा दिवस.

(निवेदन नाही : २० सेकंद)

(दृश्य : रिकामं घरटं, बाजूला लोंबणारी वांगी)

पान अजून हिरवं आहे. या झाडाला महिनाभर कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे वांगी जून होऊन पिवळी पडलीत. आजींनी ती बियाण्याला धरलीत.