सिंगापुरातला चोप

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं आठ दिवस सिंगापूरला जाऊन आलो. टूरबरोबर नाही. दर रविवारी आमच्याबरोबर सिंहगड चढतात, त्याच दोन सॅक पाठीवर टाकून. मुलगी म्हणाली, "आई, या वयात?" अगं, तुझ्या वयात मला रजा कोण देत होतं! आणि चाकांच्या बॅगा मला मुळीच आवडत नाहीत. चाकं आली की माणूस घरातलं कपाटच बरोबर घेऊन निघतो. असो.

विमान पहाटे उतरलं. विमानतळातूनच मेट्रोत बसलो. घड्याळात पावणेसात झालेले आणि बाहेर मिट्ट काळोख. गणवेशातली पोरं डुलक्या घेत शाळेला निघालेली. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, पण सूर्य उगवतो सातनंतर. डब्यात पाटी होती: खाणंपिणं केल्यास पाचशे डॉलर दंड. शेजारी काटेरी फळावर फुली. तो डुरियन. दिसायला फणसाचा धाकटा भाऊ, पण वासाला अख्ख्या खानदानाला भारी. आमच्या ह्यांनी तोंडातली बडीशेप चावायची थांबवली आणि गालात धरून ठेवली, थेट उतरेपर्यंत.

मेट्रो त्यांच्याकडे १९८७ पासून आहे, आपल्या पुण्यात २०२२ पासून. तिकिटाची भानगड नाही, आपलंच बँकेचं कार्ड दाराशी टेकवायचं. बसमध्येही तेच. फक्त एक लक्षात ठेवा, चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर पुढचं सगळं भाडं कापलं जातं. परत सांगते, उतरतानाही! सरकत्या जिन्यावर सगळे डावीकडे उभे राहतात, उजवी बाजू घाईवाल्यांना मोकळी. फुटपाथबद्दल मी काही बोलणार नाही. तिथे फुटपाथवर माणसं चालतात, एवढंच सांगते.

आता मूळ गोष्ट.

दुपारी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला जेवायला गेलो. ही हॉकर सेंटर्स म्हणजे आपल्या हातगाड्याच, पण छपराखाली आणलेल्या. १९७०च्या दशकात सरकारनं रस्त्यावरच्या विक्रेत्यांना उचलून, नळ आणि गटार देऊन, तिथे बसवलं. २०२० मध्ये युनेस्कोनंही त्याची दखल घेतली. तर ऐन जेवणाची वेळ, मुंगीला शिरायला जागा नाही. आणि मधोमध एक टेबल चक्क रिकामं! त्यावर फक्त टिश्यू पेपरचं छोटं पाकीट.

मी म्हटलं, "अहो, कुणाचं तरी राहिलंय वाटतं."

"राहिलं असेल तर येईल न्यायला," म्हणत हे बसले. बसले ते बसले, त्यातलेच दोन टिश्यू काढून टेबल पुसलं. पुण्याचा माणूस, फुकटचं वाया घालवत नाही!

तेवढ्यात एक चिनी आजीबाई ट्रे घेऊन आल्या. पाकिटाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांच्या हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "धिस टेबल चोप ऑलरेडी."

हे ताडकन उठले. मला मराठीत म्हणतात, "ऊठ, ऊठ! इथे बसलं की चोप देतात!"

मला हसू आवरेना. आजीबाईंना कळेना ही बाई का हसते. मग त्यांनीच पाकीट उचलून, टेबलावर पुन्हा ठेवून दाखवलं. चोप म्हणजे जागा धरणं! आधी पाकीट ठेवायचं, मग रांगेत जायचं.

म्हणजे रुमाल हो! स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीच्या खिडकीतून आपण टाकतो, तो रुमाल. परदेश परदेश म्हणतो तो असा.

आजींनी हातानंच "बसा, बसा" केलं. चार खुर्च्यांचं टेबल, त्या एकट्या. तिथे सगळ्याच वयस्कर बाया 'आंटी', त्यामुळे मीही त्यांना आंटी म्हणाले आणि ह्यांनी मला लगेच आठवण करून दिली की तुलाही कुणीतरी म्हणेल. कॉफी कशी मागायची तेही आंटींनीच शिकवलं. नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घालून. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर असतेच. साखरही नको तर 'कोपी-ओ-कोसोंग'. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण ऐकून ठेवा. निघताना ट्रे टेबलावरच ठेवून चाललो, तर आंटींनी बोट दाखवलं. ट्रे आपला आपण नेऊन ठेवायचा, नाही ठेवला तर २०२१ पासून त्यालाही दंड आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आमच्याकडे टिश्यू कुठला? ह्यांनी खिशातून तोच साताऱ्याचा चौकड्यांचा रुमाल काढला आणि टेबलावर पसरला. पंख्यानं उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली. मग डोशाच्या रांगेत उभे, पण मान सगळी मागे वळलेली.

कुणी बसलं नाही. एक सफाईवाले काका आले. त्यांनी बाटली उचलली, रुमाल उचलला, खालचं टेबल पुसलं. मग रुमालाची नीट चौकोनी घडी घातली, परत ठेवली, वर बाटली.

हे बराच वेळ तिकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, "स्वारगेटला आजवर कुणी घडी घालून दिली नाही गं."